फॉर्मिनचे कूळ

फॉर्मिन प्रथिनांना नाव मिळाले ते उंदराच्या बिघडलेल्या पायांवरून. हार्वर्डमधील फिलिप लेडर यांच्या गटाने १९९० साली अशा उंदरांच्या जनुकाचा माग काढला आणि त्यापासून बनणाऱ्या प्रथिनांना फॉर्मिन म्हटले. पायांतला दोष प्रत्यक्षात शेजारच्या ग्रेमलिन जनुकाचे नियंत्रण बिघडल्याने येतो, हे २००४ मध्ये कळले. तोवर नाव रुळले होते.

फॉर्मिनची खरी कामगिरी पेशीच्या सांगाड्यात आहे. ॲक्टिन या प्रथिनाच्या धाग्याच्या वाढत्या टोकाला ते चिकटून राहते आणि नवे कण जोडत टोकाबरोबर पुढे सरकते. त्यातून लांब, बिनफाट्याचे धागे तयार होतात. चेतापेशीला ते फार लागतात. चेतापेशीच्या वाढणाऱ्या अक्षतंतूच्या, म्हणजे संदेश पुढे नेणाऱ्या लांब तंतूच्या, टोकाला वृद्धिशंकू असतो. चेताशास्त्रज्ञ काहाल यांनी तो १८९० साली कोंबडीच्या गर्भात ओळखला. त्यातून ॲक्टिनने भरलेली बारीक बोटे बाहेर पडतात, आजूबाजूचा पृष्ठभाग चाचपतात. जी चिकटतात त्यांच्या आधाराने तंतू पुढे ओढला जातो. उरलेली आत घेतली जातात. ही वाट चुकली तर चेतासंधी, म्हणजे दोन चेतापेशींमधला सांधा, जुळायला समोर योग्य पेशीच नसते.

मज्जासंस्थेत आढळणारे फॉर्मिन-२ लेडर यांच्याच प्रयोगशाळेतून २००० साली पुढे आले. पुण्यात पाषाणच्या आयसर या विज्ञानसंस्थेत अर्नब घोष यांच्या गटाने ते पुन्हा कोंबडीच्याच गर्भात तपासले. मज्जारज्जूच्या पेशींतील फॉर्मिन-२ घटवताच बोटे आखूडली, त्यांची पकड टिकेना, तंतूंची वाढ मंदावली. गर्भातही तंतूंना मज्जारज्जूची मध्यरेषा नीट ओलांडता आली नाही. हा शोध २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. बिघाड नेमका बोटाच्या पकडीपर्यंत नेऊन दाखवणे, ही या कामाची मोठी बाजू.

संधी जुळल्यावरही ॲक्टिनची धावपळ थांबत नाही. बहुतेक उद्दीपक संधी डेंड्राइटवरच्या, म्हणजे संदेश घेणाऱ्या फांद्यांवरच्या, स्पाइन नावाच्या इवल्या उंचवट्यांवर असतात. त्यांत ॲक्टिन ठासून भरलेले असते, हे १९८२ मध्ये दिसले. १९९८ मध्ये जिवंत पेशींतले स्पाइन काही सेकंदांत आकार बदलताना टिपले गेले. संधी बळकट होते तेव्हा स्पाइन फुगतो, आणि त्यासाठी नवे ॲक्टिन धागे लागतात. फॉर्मिन-२ नसलेल्या उंदरांच्या चेतापेशींवर स्पाइन कमी आढळतात. २०१४ मध्ये या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असलेल्या माणसांत बौद्धिक अक्षमता दिसल्याची नोंद झाली.

पुण्याच्या गटाने २०२१ मध्ये झेब्रामाशात हाच धागा पुढे नेला. आवाजाने दचकून पळण्याच्या मंडलातील काही चेतापेशींचे तंतू फॉर्मिन-२ अभावी पळ सुरू करणाऱ्या मॉथनर पेशीपर्यंत पुरेसे पोचले नाहीत, आणि मासे उशिरा दचकू लागले.