जुना ‘स्टाइनवे’ स्वस्तात मिळतोय? निघोज्यापर्यंत आणण्याआधी हे तपासा

खेड तालुक्यातलं निघोजे म्हटलं की चाकण एमआयडीसी, महिंद्राचा कारखाना आणि कंटेनरच्या रांगा डोळ्यासमोर येतात. पियानो नाही. पण या पट्ट्यात कुणाला मोठ्या नावाचा जुना पियानो घ्यायचा झाला, तर शोध बहुधा मुंबईत जाऊन थांबतो. १८६५ पासून वाद्यं विकणारं फुर्तादोजसारखं दुकान तिथलंच, आणि जुन्या घरांतले पियानोही तिथेच जास्त.

अडचण हवेची आहे. मुंबईची हवा खारट आणि दमट, त्यामुळे तारा आणि खुंट्या गंजतात. घाट चढून पियानो इकडे आला की उलटा त्रास सुरू होतो. पुणे परिसरात एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते आणि पावसाळ्यात ८० च्या वर जाते. पियानोला ४५ ते ६० टक्के मानवते. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, स्वर उतरतात, ध्वनिफळीला चिरा जाऊ शकतात. पावसाळ्यात फळी फुगते, स्वर चढतात आणि पट्ट्या अडकतात.

ध्वनिफळीतली बारीक चीर म्हणजे सगळं संपलं असं नाही. ती खरखरत नसेल तर पियानो वर्षानुवर्षं वाजतो. खरा धोका खुंट्या ज्या जाड लाकडात रुतलेल्या असतात, त्या ठोकळ्याचा. पियानोत सुमारे २३० तारा असतात आणि त्यांचा एकूण ताण १८ ते २० टनांच्या घरात जातो. ठोकळा सैल झाला की आज लावलेला स्वर आठवड्यात उतरतो. जाड खुंट्या घालून काही वेळा भागतं. ठोकळा बदलायचा तर सगळ्या तारा उतरवून ओतीव लोखंडी चौकट बाहेर काढावी लागते. आणि ती चौकटच तडकलेली असेल, तर किंमत कितीही कमी असो, सौदा सोडून द्यावा.

नावाचाही घोळ असतो. स्टाइनवे न्यूयॉर्क आणि हॅम्बुर्गमध्ये बनतात. ‘बोस्टन’ आणि ‘एसेक्स’ या त्याच कंपनीच्या आराखड्याच्या मालिका असल्या तरी त्या आशियातल्या कारखान्यांतून येतात. वाईट नाहीत, पण त्यांना स्टाइनवेचा भाव देऊ नये. पियानोच्या आत अनुक्रमांक असतो. स्टाइनवे, यामाहा यांसारख्या नावांच्या बाबतीत त्यावरून बनल्याचं साल कळतं. १९२० चा पियानो ‘अँटिक’ म्हणून जास्त पैसे मागत असतील तर सावध राहा. पियानो व्हायोलिनसारखा जुना होऊन पिकत नाही, तो झिजतो. हातोड्यांच्या नमद्यावर तारांचे खोल चर पडलेत का, ते बघितलं तरी बरंच कळतं.

पट्ट्या पांढऱ्या असतील तर आणखी एक प्रश्न विचारा: हस्तिदंत आहे का? जुन्या पियानोत हस्तिदंताचा पातळ थर असे. बऱ्याचदा तो दोन तुकड्यांचा असतो, मध्ये बारीक सांधा दिसतो आणि लाकडासारखे कण असतात. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हस्तिदंताच्या व्यापाराला बंदी आहे. १९९१ च्या दुरुस्तीने आयात केलेला आफ्रिकी हस्तिदंतही त्यात आला. ‘आजोबांच्या काळातला आहे’ हे उत्तर पुरत नाही. शंका आली तर व्यवहाराआधी वनविभागाकडे विचारणा करावी.

म्हणून पैसे देण्याआधी विकणाऱ्याचा नव्हे, आपला ट्यूनर न्यावा आणि त्याला सगळ्या ८८ पट्ट्या वाजवायला लावाव्यात. वर्षानुवर्षं न लावलेला पियानो एकाच बैठकीत सुरात येऊन टिकत नाही, आणि ताण वाढवताना जुनी तार तुटूही शकते. वाहतुकीचा हिशेबही आधीच करावा. यामाहाचा यू-१ सारखा उभा पियानोच सव्वादोनशे किलोंच्या आसपास भरतो, तर स्टाइनवेचा सर्वांत मोठा मैफिलीचा ग्रँड ४८० किलो. सोसायटीच्या लिफ्टचं माप घेतल्याशिवाय टेम्पो ठरवू नये.

घरी आल्यावर पियानो खिडकी आणि एसीच्या झोतापासून लांब ठेवावा. पहिलं ट्यूनिंग दोन-तीन आठवड्यांनी, आणि दुसरं पावसाळा ओसरल्यावर.