सांध्याची जबाबदारी : लंडनच्या क्रॉसरेलचा धडा

दोन लोहमार्ग जेथे मिळतात त्या स्थानास मराठीत ‘सांधा’ म्हणतात व तेथे नेमलेल्या मनुष्यास ‘सांधेवाला’. सांध्यास स्वतंत्र राखणदार लागतो, हा अनुभव या शब्दात साठलेला आहे. लोहमार्गाच्या उभारणीतही एका कंत्राटदाराचे काम संपून दुसऱ्याचे सुरू होते तेथे असाच सांधा असतो. त्याची राखण कोणी करावयाची, या प्रश्नाच्या दृष्टीने लंडनच्या क्रॉसरेल योजनेचा इतिहास अभ्यसनीय आहे.

या योजनेस पार्लमेंटची संमती २००८ साली मिळाली. शहराच्या पोटातून एकंदर ४२ किलोमीटर बोगदे खोदण्याचे काम २०१५ मध्ये पुरे झाले. उद्घाटन डिसेंबर २०१८ मध्ये व्हावयाचे होते. मात्र ऑगस्टमध्ये ते लांबल्याचे जाहीर झाले, आणि बोगद्यांतून उतारूंची पहिली गाडी धावली ती २४ मे २०२२ रोजी.

स्थानकांची कामे रेंगाळली हे या विलंबाचे एक कारण होय. तथापि मूळ दोष सांध्यांत होता. काम ३६ मुख्य कंत्राटांत विभागलेले होते. प्रत्येक कंत्राटदार आपल्या भागापुरता बांधलेला. भागाभागांतील मेळाची जबाबदारी मात्र क्रॉसरेल कंपनीने स्वतःकडे ठेवली होती. त्यातच एकाच गाडीस वाटेत तीन निरनिराळ्या सिग्नल-पद्धतींशी जुळवून घ्यावयाचे होते. गाडी, बोगदा व सिग्नल ही तिन्ही आपापल्या जागी निर्दोष असली, तरी त्यांचा मेळ प्रत्यक्ष चाचणीवाचून सिद्ध होत नाही. बांधकाम लांबले तसतसा नेमका या चाचणीचाच अवधी आकुंचित होत गेला.

एवढी मोठी जबाबदारी एखाद्या कंत्राटदारावर का टाकली नाही, असा आक्षेप संभवतो. परंतु ती स्वतःकडे ठेवणे ही चूक नव्हे. ती निभावण्याची साधने न ठेवणे ही चूक होय. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने मे २०१९ च्या अहवालात दाखविल्याप्रमाणे, प्रगती ताडून पाहण्याजोगी पुरेशी तपशीलवार योजनाच कंपनीपाशी नव्हती. पुढे कारभारी बदलले, वेळापत्रक नव्याने आखले गेले, आणि मे २०२१ पासून सबंध व्यवस्थेची चाचणी घेणाऱ्या गाड्या धावू लागल्या.

यावरून असे दिसते की, करारपत्रात जबाबदार कोण हे लिहिल्याने सांधा राखला जात नाही. सांधेवाल्याच्या हाती खटका असावा लागतो, येणाऱ्या गाडीची वर्दी त्यास मिळावी लागते, आणि प्रसंगी ती थांबविण्याचा अधिकारही असावा लागतो.