स्फोटकांची रेल्वे-वाहतूक : सहकारी संशोधनाचा आरंभ

१६ एप्रिल १८६६ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे वेल्स फार्गो कंपनीच्या आवारात एक गळकी पेटी उघडली जात असता भयंकर स्फोट झाला. आत नायट्रोग्लिसरीन होते; परंतु पेटीवर तसा उल्लेख नव्हता. त्याच वर्षी अमेरिकेत अशा मालावर पदार्थाचे नाव लिहिणे कायद्याने बंधनकारक झाले.

तथापि नुसत्या नावाने काम भागणारे नव्हते. वेष्टन कसे असावे, पेट्या कशा रचाव्यात, याविषयी रेल्वे कंपन्यांत एकवाक्यता नव्हती. डबे मात्र एकीच्या रुळांवरून दुसरीच्या रुळांवर जात. ११ मे १९०५ रोजी हॅरिसबर्गजवळ पेनसिल्व्हेनिया रेल्वेची प्रवासी गाडी मालगाडीवर आदळली, तीतील स्फोटके उडाली आणि वीसांहून अधिक माणसे दगावली. या रेल्वेचे रसायनज्ञ चार्ल्स डडली यांच्या पुढाकाराने, एरवी परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनी १९०७ मध्ये समाईक ब्यूरो स्थापिला. लष्कराच्या शस्त्रास्त्र खात्यातील बी. डब्ल्यू. डन त्याचे मुख्य निरीक्षक झाले. नियम करण्याचा अधिकार सरकारी आयोगास मिळाला तो १९०८ च्या कायद्याने. म्हणजे संशोधन आधी, कायदा मागून. ज्यांनी नियम पाळावयाचे त्यांनीच ते सुचवावेत, ही गोष्ट मात्र सर्वस्वी निर्दोष म्हणता येणार नाही.

पुढे १९५६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञसमितीच्या शिफारशी प्रसिद्ध झाल्या. त्या परंपरेतील १२०३ हा पेट्रोलचा क्रमांक आज भारतातील टँकरवरही आढळतो. तो वाचण्यास इंग्रजी यावे लागत नाही.