ऑटोमन राज्यांतील संरक्षित प्रजा

१४५३ सालीं दुसऱ्या मेहमदानें कॉन्स्टँटिनोपल जिंकलें आणि पुढच्याच वर्षीं गेन्नाडिओस या ग्रीक पंडितास तेथील ख्रिस्ती धर्मपीठावर बसविलें. १४९२ सालीं स्पेननें हांकलून दिलेल्या यहुद्यांना दुसऱ्या बायझीदानें आश्रय दिला. या 'जिम्मी' प्रजेचे विवाह, वारसा व धर्मशिक्षण बहुतांशीं तिच्या धर्मगुरूंच्याच हातीं असे.

परंतु या अभयाला किंमत होती. जिझिया भरावा लागे. मुसलमानाविरुद्ध जिम्मीची साक्ष काझीपुढें सामान्यतः ग्राह्य नसे. बाल्कनमधील कित्येक ख्रिस्ती मुलगे सक्तीनें सुलतानाच्या चाकरीस नेले जात. १८५६ च्या फर्मानानें समतेचें वचन दिलें, तरी जिझियाच्या जागीं लष्करी सेवेच्या मोबदल्याचा कर आलाच.

आश्रय दात्याच्या मर्जीवर टिकतो. हक्काला मर्जी लागत नाहीं. जिम्मींना चार शतकें आश्रय लाभला, समान हक्क नव्हे.