आईच्या कुळाची माणसे

दरवर्षी १७ डिसेंबरच्या मिस्सात संत मत्तयाने दिलेली प्रभू येशूची वंशावळ वाचली जाते. बापापासून मुलगा, मुलापासून नातू ही लांब माळ आपल्याला ओळखीची वाटते. आडनाव आपणही बापाचेच लावतो. परंतु त्या माळेत चार स्त्रिया मध्येच येतात आणि योसेफापाशी तर तिचा क्रमच मोडतो: येशू मरियेपासून जन्मला.

पितृवंश हाच मानवजातीचा एकमेव नियम, असे कोणी समजू नये. आपल्याच देशात, मेघालयातील खासी समाजात कुळ आईवरून चालते. कुळाला तेथे ‘कुर’ म्हणतात. एकाच कुरात विवाह हे घोर पातक. वडिलोपार्जित घर व कुळाच्या धर्मविधींचा भार सर्वांत धाकट्या मुलीकडे, ‘का खद्दुह’कडे, जातो. तिला मालकिणीपेक्षा राखणदार म्हणणे योग्य. बहिणींच्या संमतीवाचून तिला ते घर विकता येत नसे. याला स्त्रीराज्य म्हणणे आम्हांला भाबडेपणाचे वाटते, कारण मोठ्या निर्णयांत शब्द मामाचा असे आणि राजाची, म्हणजे सियेमची, गादी भाच्याकडे जाई.

या डोंगरांत १८४१ साली वेल्श मिशनरी टॉमस जोन्स आले. कॅथलिक साल्वातोरियन धर्मगुरू १८९० मध्ये पोहोचले. महायुद्धामुळे १९१५ मध्ये त्यांना जावे लागले आणि १९२२ मध्ये सलेशियन आले. श्रद्धेची किंमत काय असते ते तेथील धाकट्या लेकीला विचारावे! धर्म बदलल्यास खद्दुहचा मान तिच्या वरच्या बहिणीकडे जातो, अशी नोंद गर्डन यांनी १९०७ च्या आपल्या ग्रंथात केली आहे. कुळाचे विधी जी करणार नाही, तिने कुळाचे घर कसे राखावे, हा त्यामागचा विचार. बाप्तिस्म्याच्या पाण्याबरोबर घरावरचा हक्क वाहून जाण्याची धास्ती होती.

तरीही ख्रिस्ती झालेल्या खासींनी मातृवंश सोडला नाही. २०११ च्या जनगणनेत मेघालयातील सुमारे पाऊणशे टक्के लोक ख्रिस्ती होते. पण खासी मुले कुळ आईचेच लावतात. स्वकष्टार्जित मालमत्तेचे मृत्युपत्र करण्याची मुभा १९८४ च्या कायद्याने दिली. बापाचे नाव लावू द्या, अशी मागणीही काही पुरुष करीत आले आहेत.

खासी पुरुषाने परजातीची मुलगी केली, तर मुलांना कुळ कोठून मिळावे? त्यासाठी ‘टांग जाइद’ नावाची रीत आहे. ती परकी आईच (मवाबी रूथ आठवावी) नव्या कुळाची मूळमाता ठरते आणि पुढे तिच्या लेकींवरून ते कुळ चालते.