चार विरुद्ध चार

मंडळी, गोष्ट गेल्या मार्चमधली. आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीची बैठक आमच्या बेसमेंटमध्ये भरली होती. विषय एकच: रविवारच्या मराठी शाळेसाठी भाड्याने घेतलेले वर्ग सोडून शाळा पूर्णपणे ऑनलाइन करायची का? भाडं वाढलं होतं, मुलं कमी झाली होती. दीड तास चर्चा, दोनदा चहा आणि मग हात वर. बाजूने चार, विरोधात चार! नववे सभासद मुलाच्या सॉकर मॅचला गेले होते. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण आपल्या नियमांप्रमाणे अध्यक्षाने एरवी मत द्यायचं नाही, मतं समसमान पडली तरच द्यायचं. आणि यंदाचा अध्यक्ष मी.

मी पडलो आयटीवाला. दोन्ही बाजू सारख्या आल्या तर काय करायचं, हे प्रोग्रॅममध्ये आधीच लिहून ठेवावं लागतं, नाहीतर गाडी तिथेच अडकते. मोठमोठ्या संसदांनी हे कसं लिहून ठेवलंय ते बघावं, म्हणून मी बैठक पुढच्या रविवारपर्यंत तहकूब केली आणि आठवडाभर वाचत बसलो.

सुरुवात अर्थातच अमेरिकेपासून केली. १७८७ साली फिलाडेल्फियात राज्यघटना तयार होत होती, तेव्हा प्रत्येक राज्याला सिनेटमध्ये दोन जागा द्यायचं ठरलं. म्हणजे एकूण संख्या कायम सम, आणि मतं समसमान पडण्याची शक्यताही कायमची. एखाद्या सिनेटरलाच अध्यक्षस्थानी बसवलं, तर त्याच्या राज्याच्या मतांचं काय, हाही प्रश्न होता. म्हणून तिथे उपराष्ट्राध्यक्ष बसवले. त्यांना मत नाही, पण समसमान झालं तर आहे.

पहिले उपराष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांच्यावर ही वेळ जुलै १७८९ मध्येच आली. परराष्ट्र खात्याच्या मंत्र्याला राष्ट्राध्यक्ष सिनेटला न विचारता काढू शकतात का, हा प्रश्न होता. ॲडम्स यांनी राष्ट्राध्यक्षांच्या बाजूने कौल दिला. आठ वर्षांत त्यांनी अशी २९ मतं दिली.

सगळ्यात मजेदार किस्सा जॉन कॅल्हून यांचा. जानेवारी १८३२ मध्ये मार्टिन व्हॅन ब्यूरन यांची ब्रिटनमधले राजदूत म्हणून झालेली नेमणूक सिनेटपुढे मंजुरीला आली. व्हॅन ब्यूरन तोवर लंडनला पोचलेही होते. मतं समसमान पडली आणि कॅल्हून यांनी आपल्या या प्रतिस्पर्ध्याच्या विरोधात मत देऊन त्याला घरी बोलावलं. सूड पूर्ण झाला? छे! त्याच वर्षीच्या निवडणुकीत व्हॅन ब्यूरन उपराष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, १८३३ साली कॅल्हून यांच्याच खुर्चीत बसले आणि १८३७ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. कॅल्हून यांच्या नावावर मात्र ३१ निर्णायक मतांचा विक्रम राहिला. तो डिसेंबर २०२३ मध्ये कमला हॅरिस यांनी मोडला, त्यांची मतं झाली ३३.

अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्ष पक्षाचा माणूस असतो आणि मतही पक्षाच्या बाजूने देतो. ऑगस्ट २०२२ मध्ये हवामान आणि औषधांच्या किमतींबद्दलचा कायदा हॅरिस यांच्या मताने ५१ विरुद्ध ५० असा पास झाला. जुलै २०२५ मध्ये करकपातीचं मोठं विधेयक जे. डी. व्हान्स यांच्या मताने, तेही ५१ विरुद्ध ५० असंच. खुर्ची तीच, पक्ष उलटा. पण हे दर वेळी चालत नाही. बहुतेक विधेयकांवर चर्चा थांबवायलाच ६० मतं लागतात, तिथे ५१ वं मत असून नसून सारखंच.

ब्रिटनने वेगळी वाट धरली. तिथे सभापती झाला की माणूस पक्ष सोडतो. मग निर्णायक मत कशाच्या आधाराने द्यायचं? जॉन डेनिसन या सभापतींनी १८६७ मध्ये घालून दिलेला पायंडा आजही पाळतात. त्याचा सारांश असा, की जिथे सभागृहाचं बहुमत नाही तिथे सभापतीने आपल्या एका मताने ते तयार करू नये. पुढे चर्चेला वाव असेल तर चर्चा चालू ठेवावी, नाहीतर आहे ते तसंच राहू द्यावं.

या नियमाची खरी किंमत २८ मार्च १९७९ ला दिसली. कॅलहॅन सरकारविरुद्धचा अविश्वास ठराव ३११ विरुद्ध ३१० असा पास झाला. मजूर पक्षाचे सर आल्फ्रेड ब्रॉटन मरणपंथाला लागलेले होते. त्यांना ॲम्ब्युलन्समधून आणणं पंतप्रधानांना योग्य वाटलं नाही. ते आले असते तर मतं ३११-३११ झाली असती आणि पायंड्याप्रमाणे सभापतींचं मत ठरावाच्या विरोधात, म्हणजे सरकार वाचवणारं पडलं असतं. ब्रॉटन काही दिवसांतच गेले. मे महिन्यात मार्गारेट थॅचर पंतप्रधान झाल्या.

हे वाचताना मला १७ एप्रिल १९९९ चा शनिवार आठवला. मी शाळेत होतो. पुण्यात आजोबांबरोबर टीव्हीसमोर बसलो होतो. वाजपेयी सरकारचा विश्वासदर्शक ठराव आणि फलकावर आकडे आले: बाजूने २६९, विरोधात २७०. आजोबांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला, जणू काचेतच काही चूक असावी.

त्या एका मताची चर्चा पुढे अनेक वर्षं चालली. काँग्रेसचे गिरिधर गमांग फेब्रुवारीतच ओरिसाचे मुख्यमंत्री झाले होते, पण खासदारकी त्यांनी सोडलेली नव्हती. त्यांनी मत द्यावं का, हा निर्णय सभापती जी. एम. सी. बालयोगी यांनी त्यांच्याच सद्सद्विवेकबुद्धीवर सोडला. गमांग यांनी सरकारविरोधात मत दिलं.

गमांग घरी बसले असते तर? २६९-२६९! आपल्या घटनेचं कलम १०० सांगतं, की सभापतीने एरवी मत द्यायचं नाही, पण समसमान झालं तर द्यायचंच. बालयोगी तेलुगू देसमचे, आणि तो पक्ष वाजपेयींच्या बाजूने. डेनिसनचा नियम लावावा, तर तो दोन्हीकडे ओढतो. ठरावाला बहुमत नाही म्हणून विरोधात मत द्यायचं, की आहे ते सरकार चालू ठेवायचं? गमांग यांच्या एका मतामुळे बालयोगी या पेचातून सुटले.

तर पुढचा रविवार उजाडला. खरं सांगतो, माझं स्वतःचं मत ऑनलाइनच्या बाजूने होतं. पैसे वाचतात, ड्रायव्हिंग वाचतं. पण चार विरुद्ध चार म्हणजे बहुमत नाही, आणि ते मी एकट्याने तयार करणं मला पटेना. मी ठरावाच्या विरोधात मत दिलं. शाळा आहे तिथेच राहिली आणि विषय जानेवारीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेकडे गेला. ज्या चौघांशी माझं मत जुळत होतं, त्यांच्यापैकी दोघं अजून माझ्याशी जरा जपूनच बोलतात.

म्हणून दिवाळीच्या शुभेच्छांबरोबर एक विनंती. जानेवारीत या. शाळा हवी असो वा नको, पण या. दरवर्षी सभेला आपण मोजून वीस-पंचवीस टाळकी असतो, त्यामुळे पुन्हा समसमान व्हायला फार वेळ लागणार नाही. आणि तसं झालंच, तर मी पुन्हा डेनिसनचंच ऐकणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो!