हरकी, गुन्हेगारी आणि सिमेंटची पोती

पेशवेकालीन कागद चाळताना दोन शब्द जोडीने भेटतात, हरकी आणि गुन्हेगारी. तंट्याचा निवाडा झाला की जिंकणाऱ्याने 'हर्षाने' भरायची ती हरकी, हरणाऱ्याने भरायची ती गुन्हेगारी. म्हणजे खिसा दोघांचाही हलका! पण रक्कम सरकारजमा व्हायची आणि तशी नोंद पडायची.

हे आठवायचं कारण अमेरिकेतला एक वाद. तिथे सरकार एखाद्या कंपनीवर दावा लावतं, मग तडजोड होते आणि तडजोडीतले काही पैसे खजिन्यात न भरता तिसऱ्याच संस्थेला द्यायला सांगितलं जातं. तिथल्या न्याय खात्याने २०१७ साली हे बंद केलं, २०२२ साली ती बंदी उठवली, २०२५ साली पुन्हा घातली. संस्था चांगलं काम करतात, मग बिघडलं कुठे, असं विचारणारे तिथेही आहेत.

आपल्याकडे हाच प्रश्न दाव्यातून नव्हे, सिमेंटमधून आला. १९८१ साली सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं. आमच्या अकोल्यात (विदर्भातलं अकोला नव्हे, प्रवरेकाठचं अकोले) चार पोती हवी असली तरी परमिट लागे. मुंबईच्या बिल्डरांना तर हजारोंनी पोती हवी असत. मुख्यमंत्री होते बॅ. अ. र. अंतुले. त्यांनी इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान काढलं होतं, गरजू लेखक-कलावंतांना मदत करण्यासाठी. हेतूला नावं ठेवायला जागा नव्हती. मराठी शिकवणाऱ्या मला तर तो फारच आवडावा असा होता.

३१ ऑगस्ट १९८१ रोजी 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये अरुण शौरींचा लेख आला आणि देणग्यांचं गणित उघड्यावर आलं. प. बा. सामंत उच्च न्यायालयात गेले. १२ जानेवारी १९८२ रोजी न्या. लेंटिन यांनी निकाल दिला, की सिमेंटचं वाटप आणि प्रतिष्ठानच्या देणग्या यांचा संबंध आहे. अंतुल्यांनी राजीनामा दिला. फौजदारी खटला वेगळा चालला, तो लांबला. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो उच्च न्यायालयाकडे सोपवला, १९८८ साली सात न्यायमूर्तींनी आपल्याच न्यायालयाचा तो आदेश चुकीचा ठरवला. असो.

मला त्यातली मेख वेगळी वाटते. राज्यघटनेच्या २६६व्या कलमाप्रमाणे सरकारचा महसूल एकत्रित निधीत जातो आणि कायद्याने मंजुरी मिळाल्याशिवाय तिथून बाहेर पडत नाही. लेखकांना मदत करायचीच, तर विधानसभेत मागणी मांडता येते. विरोधक चार प्रश्न विचारतात, लेखापरीक्षक हिशोब मागतो. सरकारी अधिकाराच्या बळावर मिळालेला पैसा वाटेतच प्रतिष्ठानकडे वळला, की या सगळ्यांना वळसा पडतो. कारण चांगलं असलं की विचारायला जीभही रेटत नाही. लेखकाच्या औषधपाण्याचे पैसे, त्यावर बोलायचं कसं!

२८ फेब्रुवारी १९८२ पासून सिमेंटवरचं नियंत्रण अंशतः उठलं. खुल्या बाजारातलं पोतं महाग पडे, पण त्याला परमिट लागत नसे.